अळीच्या अंगातलं विष

आखाडा, हदगाव
१४ ऑगस्ट २०२३

मंजुश्रीताईंना,

नमस्कार लिहायचा रिवाज हाय म्हणून लिहिते. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केला, तुमच्या भावाचा केला, शिवांगीचासुद्धा केला. नववीतल्या भाचीनं तुमचं काय घोडं मारलं होतं काय की. पोस्टमन काही ब्लॉक होत न्हाई, म्हणून शेतातल्या घरून, आखाड्यावरून हे पत्र.

अण्णा गेले अन् वर्षाच्या आत तुम्ही माहेरच्या जमिनीतली दोन एकर मागून घेतली. बारा वर्षं त्यांचं दुखणं-खुपणं मी काढलं, सून म्हणून. असू द्या. कायदा तुमच्या बाजूनं हाय. पण घेतल्यावर त्यात पेरलं काय? ज्वारी न्हाई, तूर न्हाई. खुळखुळा! लोक जे तण उपटून बांधावर फेकतात, त्याचं बी तुम्ही गोळा करून पेरलं. का, तर पीएचडीला पाखरं पायजेत.

आता त्या पाखरांच्या केसाळ अळ्या माझ्या सोयाबीनवर आल्यात. तीन आठवडे झाले पाऊस न्हाई, पिकानं मान टाकलीय, अन् वरून ह्या पानांची जाळी करून राहिल्यात. तुमच्या खुळखुळ्यात बी केसाळ, माझ्या सोयाबीनमधी बी केसाळ. मी काय आंधळी न्हाई. काल तुमच्या खुळखुळ्याच्या बांधाकडच्या चार ओळींवर फवारा मारला. विचारलं न्हाई. तुम्ही अळ्या सोडताना मला विचारलं होतं?

फवारायच्या आधी दोन दिवस कोंबड्या सोडून बघितल्या तुमच्या रानात. एकीनं अळी चोचीत धरली अन् थुंकली. दुसरीनं तेच केलं. कोंबडीसुद्धा तोंड लावत न्हाई असली घाण तुम्ही पाळून राहिल्या.

वर्षाराणी

ता. क. तुमच्या भावाला पत्राचं सांगितलं. ते म्हणाले, लिही, पण माझं नाव घालू नको. मन्मथ म्हणाले.

*

लातूर
३ सप्टेंबर २०२३

वर्षाराणीवहिनी,

शिवांगीचा नंबर ब्लॉक केला, कारण तिच्या फोनवरून तुम्हीच बोलत होतात.

त्या चार ओळींत माझी बावीस झाडं होती. प्रत्येकाला नंबराची पट्टी बांधलेली होती. जुलैपासून दर रविवारी लातूर-हदगाव एसटीनं जाऊन-येऊन मी त्यांच्या नोंदी ठेवत होते. कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते. ही पीएचडी झाली नाही तर मला तिथं कोणी कायम करणार नाही. तुम्ही एका सकाळी दीड महिन्याचं काम मारून टाकलंत.

आणि मारलंत तेही चुकीचं. तुमच्या सोयाबीनवरची अळी वेगळी. तिला बिहारी केसाळ अळी म्हणतात. ती पुंजक्यानं राहते, समोर येईल ते झाड खाते. माझी अळी खुळखुळ्याच्या बाहेर पाय टाकत नाही. दोघी एकाच कुळातल्या, वाघपतंगांच्या. पण एका कुळातल्या म्हणून एका स्वभावाच्या असतात असं नाही. हे तुम्हाला आपल्या घरावरून कळायला हवं होतं. पुंजका असलेली पानं तोडा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. फवाऱ्याची गरज नाही. हे मी शेतासाठी सांगतेय, तुमच्यासाठी नाही.

कोंबडीनं अळी थुंकली, हे तुमच्या पत्रातलं एकच वाक्य कामाचं. तिच्या अंगात विष असतं. तिचा पतंग झाला तरी ते जात नाही. पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके मिरवत तो भर दिवसा फिरतो, लपत नाही. जाळ्यात अडकला तर कोळी येतो, चाचपतो, आणि स्वतः धागे तोडून त्याला सोडून देतो. हे मी आपल्या बांधावरच्या बाभळीत डोळ्यांनी पाहिलंय. मीलनाच्या वेळी नर आपल्याजवळचं विष मादीला देतो आणि ती ते अंड्यांत उतरवते, म्हणजे अंडी मुंग्यांपासून वाचतात. याच कुळातले काही पतंग वटवाघूळ जवळ आलं की टिकटिक आवाज करतात. मी कडू आहे, मला खाऊ नकोस, असं आधीच सांगतात.

माझ्या रानात पुन्हा पाय ठेवू नका. मागच्या रविवारी मी येऊन गेले. तुमचं लक्ष नव्हतं. मला काय दिसलं ते वेळ आली की सांगेन.

मंजुश्री

*

आखाडा, हदगाव
१२ सप्टेंबर २०२३

मंजुताई,

तुमचं पत्र शिवांगीनं मोठ्यानं वाचलं. नर बायकोला विष देतो अन् तुम्ही त्याला कौतुकानं लिहिता. इकडं कुणी असं केलं तर पोलीस येतात.

पानं तोडून साबणाच्या पाण्यात टाकली. अळ्या कमी झाल्या. आभार मानणार न्हाई, कारण आधी सांगायला तुमचं तोंड शिवलेलं नव्हतं.

रानात पाय ठेवू नका म्हणे. मधून आमची वाट जाते, तिला काय पंख लावू? अन् मला काय दिसलं, काय दिसलं करून भीती घालू नका. मी तुमची विद्यार्थिनी न्हाई.

परवा पोळा. बैलांना झूल घालायची, पण घरात उत्साह न्हाई. केशर आठ-दहा दिवसांपासून मंदावलीय. अण्णांनी कंधारच्या बाजारातून वासरू आणलं होतं ती, लालकंधारी. तुम्हीच नाव ठेवलं होतं म्हणतात. रवंथ करत न्हाई, डोळे पिवळे दिसतात. चालताना पाय ओढते. कालवड बी तिच्या बाजूला मान घालून उभी राहते. चाऱ्याची तर मारामार हाय, पाऊसच न्हाई.

अण्णांची गाय, म्हणून कळवलं. त्यात दुसरा अर्थ काढू नका.

वर्षाराणी

*

लातूर
२० सप्टेंबर २०२३

वर्षाराणीवहिनी,

गायीच्या नावानं मला विरघळवू नका. दर वेळी जमिनीचा विषय निघाला की तुमच्याकडे कोणीतरी आजारी पडतं. अण्णांच्या वेळीही हेच झालं. जनावर आजारी असेल तर जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. मी किड्यांची आहे.

सरकारी मोजणीसाठी मी अर्ज केलाय. हद्दीचे दगड बसले की तारेचं कुंपण घालेन. वाट तुम्ही दुसरीकडून काढायची. दादाला सांगा, त्याला बोलायचं असेल तर त्यानं लिहावं. तुमच्या पदराआड किती दिवस उभा राहणार?

मंजुश्री

*

आखाडा, हदगाव
४ ऑक्टोबर २०२३

मंजुश्री,

आता ताई बी न्हाई अन् नमस्कार बी न्हाई.

रविवारी सकाळी केशर गेली. तीन दिवस उठत नव्हती. शेवटी गोल गोल फिरायची अन् भिंतीला डोकं लावून उभी राहायची, माणसासारखी. तुमच्या भावानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ते दोन दिवस जेवले न्हाईत. डॉक्टरनं पोट फाडून बघितलं. लिव्हर लाकडासारखं कडक झालेलं. म्हणाला, विषबाधा वाटते, अंगात हळूहळू गेलेलं विष हाय.

विषाची सगळी माहिती कुणाला हाय? पत्रात पानभर कोण लिहितं, अळीत विष, पतंगात विष, अंड्यात विष? दर रविवारी तोंडाला रुमाल बांधून गुरांच्या हौदाजवळून कोण जातं? शेजारच्या नागुबाईनं तुम्हाला बघितलंय. म्हातारी हाय पण तिची नजर साफ हाय.

जमिनीसाठी माणसं काय करतात ते ऐकलं होतं. बापानं पाळलेलं जनावर मारतात हे आज बघितलं.

कालवड बी आता खात न्हाई. तिला काय झालं तर मी ठाण्यात नाव लिहून देणार. आता तुमचाच नंबर आम्ही ब्लॉक केलाय. तिघांनी.

वर्षाराणी

*

लातूर
७ ऑक्टोबर २०२३

वर्षाराणीवहिनी,

पत्र आज दुपारी मिळालं. सगळ्यांचे फोन लावून पाहिले. हे पत्र पोस्टात टाकत नाही, हदगावच्या बसच्या कंडक्टरकडे देतेय. स्टँडवरच्या चहावाल्याला सांगून ठेवलंय, तो आखाड्यावर पोचवेल. तुमच्या डॉक्टरांचा नंबर मिळवून त्यांनाही सांगितलंय.

आधी महत्त्वाचं. कालवडीला खुळखुळा देऊ नका. एक काडीसुद्धा नाही. कुट्टी करून कडब्यात मिसळलेला असेल तर तो सगळा कडबा बाजूला काढा. त्याच चाऱ्यावरच्या कुठल्याही जनावराचं दूध शिवांगीला देऊ नका, डॉक्टर सांगतील तोपर्यंत. खुळखुळ्याच्या पानात, शेंगेत, सगळ्यात जास्त बियांत विष असतं. एका दिवसात कळत नाही, आठवड्यांनी लिव्हर जातं. त्यावर उतारा नाही. गुरं एरवी त्याला तोंड लावत नाहीत, कडू लागतो. पण कुट्टीत मिसळला तर त्यांना निवडता येत नाही. माझी अळी तेच विष खाते, तिला ते बाधत नाही, उलट ती ते अंगात साठवून ठेवते. कोंबडीनं थुंकलं ते हेच.

आता दुसरं. मला खुनी म्हणण्याआधी सोबतचा फोटो बघा. तुम्ही आहात, हातात विळा आहे, डोक्यावर माझ्या रानातल्या खुळखुळ्याचा भारा आहे. हद्दीच्या आतल्या कमीत कमी दीडशे झाडांचे बुंधे मी मोजलेत. गाय मी मारली नाही. चोरून चारलेल्या चाऱ्यानं ती मेली. ठाण्यात जायचं असेल तर हा फोटोही घेऊन जा.

कालवड कशी आहे ते कळवा.

मंजुश्री

*

आखाडा, हदगाव
१३ ऑक्टोबर २०२३

मंजुश्रीताई,

कंडक्टर भला माणूस, चहावाल्याच्या भरवशावर राहिला न्हाई. स्वतः आखाड्यापर्यंत चालत आला. त्याच दुपारी सगळा कडबा बाहेर काढला. दूध बंद केलं.

हाव, मी कापला. वीस ऑगस्टपासून, रोज एक भारा. पाऊस न्हाई, बांधावर गवताची काडी न्हाई, अन् तुमच्या दोन एकरात हिरवंगार उभं. मला वाटलं, किड्यांना चालतं तर गायीला का न्हाई? चोरी तर चोरी. तुमच्या भावाला बी सांगितलं न्हाई, तुमच्या रानातलं हाय म्हणून त्यांनी आणू दिलं नसतं.

फोटो बघितला. तुमच्या भावानं बघितला, शिवांगीनं बघितला. मंग तिनं तो उलटा केला. मागं तुमच्या अक्षरात लिहिलंय. २७ ऑगस्ट, सकाळी ९ वाजून ४० मिनिटं. तुम्ही शास्त्राची माणसं, तारीख टाकल्याशिवाय तुम्हाला चैन पडत न्हाई.

ती तारीख मी पाच वेळा वाचली.

सत्तावीस ऑगस्टला तुम्ही बांधावर होताव. मी भारा उचलून गोठ्याकडं जाताना बघितलं. हे विष हाय ते तुम्हाला माहीत होतं, मला न्हाई. तेव्हा भारा कापायला लागून आठवडा झाला होता. केशर तेव्हा चांगली होती, दोन्ही येळा दूध देत होती. तुम्ही एक हाक मारली असती, चोरटे, टाक तो भारा. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

तुम्ही फोटो काढला.

मंग तीन सप्टेंबरला पत्र लिहिलं. अळीच्या अंगात विष हाय, पतंगाच्या अंगात हाय, अंड्यात हाय. ते येतं कुठून तेवढं सोडून दिलं. एवढ्या लांब पत्रात तेवढंच कसं राहिलं? बाराला मी लिहिलं, गाय खात न्हाई, डोळे पिवळे झाले. त्यावर तुमचं उत्तर काय, की मोजणी मागवली.

तुमचं ते पाखरू तरी बरं. ते टिकटिक करून आधी सांगतं.

कालवड बसूनच हाय.

वर्षाराणी

*

लातूर
२२ ऑक्टोबर २०२३

वहिनी,

या पत्राला नऊ दिवस लागले. चार वेळा लिहून फाडलं, कारण प्रत्येकात मी कारणं दिली होती.

तुम्ही लिहिलंय ते खरं आहे.

त्या सकाळी मला भारा दिसला आणि पहिला विचार आला तो असा: सापडली. मी फोन काढला. दुसरा विचार परतीच्या बसमध्ये आला, नांदेडच्या अलीकडे. खुळखुळा आहे, गुरांना देत असेल तर? मी स्वतःला सांगितलं की सरपणासाठी नेत असेल. हिरवं झाड सरपणाला कोणी नेत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलीला कळतं. मग म्हटलं, दोन-चार भाऱ्यांनी काय होतंय. तीन तारखेला पत्र लिहिताना ते वाक्य माझ्या हातात होतं. लिहिलं असतं तर तुम्ही कापणं थांबवलं असतं आणि माझ्याकडे एकाच भाऱ्याचा पुरावा राहिला असता. मला मोजणीच्या वेळी मोठी चोरी दाखवायची होती. म्हणून ते वाक्य मी वगळलं. चुकून राहिलं नाही.

केशरचे डोळे पिवळे झाल्याचं वाचलं तेव्हा मला कळलं होतं. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही, आता तुम्हाला लिहितेय. तेव्हाही मी मोजणीचंच लिहिलं.

जनावरांचे डॉक्टर म्हणतात की कालवड लहान आहे, तिच्या पोटात कमी गेलंय, कदाचित सावरेल. मी त्यांना रोज विचारते. तुमच्याकडे यायची हिंमत नाही. दादाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

मोजणीचा अर्ज मागे घेतला. ही माफी नाही. माफीनं काही होणार नाही, हे मला कळतं.

मंजुश्री

*

आखाडा, हदगाव
६ नोव्हेंबर २०२३

मंजुश्रीताई,

तुमच्या भावाला मी काही सांगितलं न्हाई. पत्रच हातात दिलं. त्यांनी वाचलं, घडी केली अन् रानात निघून गेले. संध्याकाळी आले तेव्हा त्यांच्या हाताला फोड आले होते. तुमच्या दोन एकरातला सगळा खुळखुळा त्यांनी एकट्यानं मुळासकट उपटला. मी म्हणलं, ताईची पीएचडी. ते म्हणाले, दहा झाडं ठेवलीत मधी, काट्याचं कुंपण करून, कुणाचं जनावर जाणार न्हाई असं. एवढंच बोलले. तुमच्याशी ते एवढ्यात बोलतील असं मला वाटत न्हाई. मी तर न्हाईच बोलणार.

कालवड शुक्रवारी उठली. चार पावलं चालली अन् खाली बसली. काल परत उठली. डॉक्टर म्हणतो, भरवसा देत न्हाई. आम्ही बी मागितला न्हाई.

आता जे केलं ते सांगते. तुम्हाला दुसऱ्याकडून कळायच्या आधी.

खुळखुळा काय फक्त तुमच्याच रानात न्हाई. ओढ्याच्या कडेनं हाय, रस्त्याच्या कडेनं हाय. चारा न्हाई म्हणून यंदा लोक दिसेल ते कापून राहिलेत. मी सांगत फिरले असते तर लोकांनी विचारलं असतं, तुला कसं कळलं? म्हणून गावच्या दूध केंद्रात गेले अन् तुमची दोन्ही पत्रं भिंतीला चिकटवली. सातची अन् बावीसची. खालचं वरचं काही कापलं न्हाई. फोटो बी लावला, भाऱ्यासकट. अन् खाली माझ्या हातानं अर्धं पान लिहिलं. डॉक्टरनं विचारलं होतं, गायीला काय चारलं? मी म्हणलं, नुसता कडबा. गाय तेव्हा उभी होती. खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं, पण चोर ठरले असते. म्हणून कडबा म्हणलं. ते पण लिहिलं. नाव घालून लिहिलं.

तुम्हाला राग येईल. येऊ द्या. कॉलेजपर्यंत गोष्ट जाईल, तुमची नोकरी अजून पक्की न्हाई, सगळं माहीत असून लावलं. माझ्याकडं बघून बी आता केंद्रावर बाया कुजबुजतात. तीन दिवसांत सहा घरांनी कुट्टी फेकून दिली. एका घरी दोन म्हशी मंदावलेल्या होत्या, त्यांनी डॉक्टरला खरं सांगितलं.

नागुबाईला वाचता येत न्हाई. तिनं केंद्रावरच्या पोराकडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतलं, दोनदा. मंग काठी टेकत आखाड्यावर आली. तिच्या एकुलत्या एका गायीला मीच आठ दिवस भाऱ्यातला वाटा दिला होता, शेजारधर्म म्हणून. तिनं कुट्टी न करता अख्खाच टाकला, गायीनं तोंड लावलं न्हाई, म्हणून वाचली. मला वाटलं शिव्या देईल. ती गोठ्यात केशरच्या रिकाम्या दाव्याजवळ बसली. पाणी दिलं तर घेतलं न्हाई. मंग म्हणाली, "त्या तिकडच्या बाईला माहीत होतं अन् ती बोलली न्हाई. तुला विचारलं अन् तू खोटं बोललीस. दोघी शिकलेल्या. मला एवढंच सांग बाई, गायीनं विचारायचं कुणाला होतं?"

ती उत्तरासाठी उद्या परत येणार हाय. तुम्हाला सुचलं तर लिहा.

वर्षाराणी